अकरा बायका, एक फोन

मेट्रो की मोनो, या एका प्रश्नावरून सोलापुरात त्या साली तीन लग्नं मोडली, एका भजनी मंडळाचे दोन तुकडे झाले, आणि सात रस्त्यावरच्या एका सलूनमधून अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला गळ्यातल्या फडक्यासकट बाहेर काढण्यात आलं, कारण ते बोलता बोलता मोनोवालं निघालं. ते गिऱ्हाईक पुढं आठ दिवस तसंच अर्ध्या दाढीनं फिरत होतं म्हणतात. मेट्रोवाल्याच्या हातून दाढी पुरी करून घ्यायची नाही, असा त्यानं पणच केला होता.

भांडणाला कारणही तसंच होतं. शहर फुगून अठ्ठावीस लाखांवर गेलं होतं. मंगळवार पेठेत सकाळी अडकलेली रिक्षा दुपारच्या जेवणाला सुटली, तर रिक्षावाला पेढे वाटायचा. शहराला आता डोक्यावरून जाणारी गाडी हवी होती. कुठली, एवढंच ठरायचं होतं.

आणि ते ठरणार होतं श्रीनिवास येमुलच्या आकड्यावर.

श्रीनिवास हा नगरवाहन मंडळातल्या प्रवासी-अभ्यास विभागाचा प्रमुख. वय एक्कावन्न, चष्मा जाड, आवाज बारीक. रोज कोण कुठून कुठं जातं, कितीजण जातात, हे मोजायचं त्याचं काम. पूर्वी अशी मोजणी करायला चौकाचौकात पोरं वह्या घेऊन उभी राहायची आणि कंटाळली की चहाच्या गाड्यावर बसून मनानंच आकडे भरायची. आता ते राहिलं नव्हतं. प्रत्येकाच्या खिशातला फोन जवळच्या मनोऱ्याला दर दोन सेकंदांनी हाक देतो. त्या हाका ऐकून माणसं मोजणारं यंत्र मंडळानं बसवलं होतं. त्याचं नाव गर्दीमापक. एक फोन, एक माणूस, असा त्याचा सरळ हिशेब.

मेट्रो आणि मोनोतला फरकही तसा सरळच होता. मेट्रोची गाडी लांब आणि जड. तासाला एका दिशेनं तीस-चाळीस हजार माणसं सहज पोटात घालते. पण तिला वळायला ऐसपैस जागा लागते, आणि तेवढी जागा करायची तर पूर्व भागातली चारशे घरं पाडावी लागणार होती. मोनो म्हणजे एकाच तुळईवर, घोड्यावर टांग टाकावी तशी, रबरी चाकांवर बसलेली गाडी. अंगानं सडपातळ, त्यामुळं गल्लीतल्या वळणावरून कुणाच्या गॅलरीतल्या तुळशीला धक्का न लावता निघून जाते. पण तिचं पोट लहान. तासाला फार तर पंधरा हजार. म्हणून नियम ठरला होता, की पूर्वेच्या मार्गावर गर्दीच्या तासाला पंधरा हजारांहून जास्त माणसं असतील तर मेट्रो, कमी असतील तर मोनो.

मोनोवाल्यांच्या हातात मात्र त्या साली एक नवीनच हुकमाचं पान आलं होतं. आपल्याकडचा काळा कातळ भट्टीत वितळवून त्याचं सूत काढता येतं. त्या सुताची घट्ट वीण घालून, वर राळ ओतून केलेली तुळई काँक्रीटइतकीच मजबूत होते, पण वजनाला दहावा हिस्सा. इतक्या हलक्या तुळईला खांबही हलके चालतात. आणि खांबांच्या पायाला होते प्रचंड मोठ्या स्क्रूसारखे पेच. यंत्रानं फिरवले की मुरमात घुसायचे, उलटे फिरवले की बाहेर. म्हणजे ही मोनो एका जागी गाडून घेणारी नव्हतीच. गर्दी सरकली की तीही सरकणार. एखाद्या थांब्यावर सलग नव्वद दिवस रोजची चाळीस माणसं दिसली नाहीत, की खांब उपटायचे आणि जिथं माणसं असतील तिथं नेऊन रोवायचे.

"मेट्रो एकदा घातली की शंभर वर्षं तिथंच बसते, येमुल," मंडळाच्या अध्यक्षा कारखानीस मॅडम म्हणायच्या. "ही माणसांच्या मागं येईल. शहराला अशी नम्र गाडी कधी मिळाली होती का?"

श्रीनिवासलाही ते पटायचं. मात्र निर्णयाची बैठक तोंडावर आली तेव्हा तो एकदा बहिणीकडं जाऊन आला.

ललिताक्का त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. शहराच्या पूर्व टोकाला गोदावरी वसाहत आहे, तिथं ती राहायची. वयाच्या दहाव्या वर्षापासून विड्या वळत आलेली बाई. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं विडी वळून, दोरा गुंडाळून, तोंड मिटून मोकळी होत, आणि ती त्यांच्याकडं बघतही नसे.

"आलास का तम्मुडू?" त्यांच्या तेलुगू घरात धाकट्या भावाला तम्मुडू म्हणत. "चप्पल बाहेर काढ. साहेब झालास म्हणून माझी पानं तुडवू नकोस."

"अक्का, मी बसतच नाही. कारखान्याला निघालीस ना? चल, थोडी वाट चालतो तुझ्याबरोबर."

"सात किलोमीटर आहे बे. मधे बसलास तर उचलून न्यायला कुणी न्हाई."

विडी ओढणारे कमी होत चालले तसे कारखानेही मिटत गेले होते. उरला होता एकच, अक्कलकोट रस्त्यावर. आदल्या दिवशी वळलेल्या हजार विड्या पाटीत घालून रोज सकाळी तिथं पोचवायच्या आणि नवी पानं घेऊन यायचं. रिक्षात पाट्या मावत नाहीत, मावल्या तर विड्या चुरगळतात. म्हणून वसाहतीतल्या सहासष्ट बायका पायीच जायच्या. अकराअकरांच्या सहा टोळ्या करून.

अक्काची टोळी निघाली. श्रीनिवास मागून चालू लागला आणि त्याला हसूच आलं. अक्काच्या पाटीत फोन होता आणि त्यावर तेलुगू मालिका लागली होती. चित्र कुणी बघत नव्हतं, नुसतं ऐकायचं. अकरा बायका त्या पाटीभोवती अशा गच्च गोळा होऊन चालल्या होत्या, की रस्त्यावरून एकच बावीस पायांचं जनावर चाललंय असं वाटावं. कुणी पुढं जात नव्हती, कुणी मागं राहत नव्हती. मागं राहिली तर सासूनं सुनेच्या दुधात काय कालवलं ते कळायचं नाही.

"बाकीच्यांचे फोन कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"घरी," कोंडाबाई म्हणाली. ही अक्काची शेजारीण, जिभेनं अक्काच्या तोडीची. "पोरांना शाळेला लागतात. आणि आणून करायचं काय? मागं मी चेकरचं शूटिंग केलं, चांगल्या विड्या छाट म्हणून फेकतानाचं. तवापासनं आत फोन बंद. गेटावरच्या पेटीत कप्पे मोजके. टोळीला एकच फोन ठेवून घेतात."

"म्हणजे अकरा बायका, एक फोन."

"आणि एक सासू," अक्का म्हणाली, "ती फोनातली. गप्प बस आता, सून दूध प्यायली बघ."

चौकात निरोप घेताना अक्कानं पाटी सावरत विचारलं, "मेट्रो येऊ दे, मोनो येऊ दे. आम्हाला थांबा देणार का न्हाई तेवढं सांग. गुडघे गेलेत रे सगळ्यांचे."

"देणार, अक्का. शब्द दिला."

बैठक मंडळाच्या सातव्या मजल्यावर होती. मुंबईहून सचिव आले होते, चाळीस माणसं, चाळीस बिसलेऱ्या. बैठकीआधी खिडकीपाशी गप्पा चालल्या होत्या तेव्हा कारखानीस मॅडमनी सहज म्हटलं, "पूर्व भागात काल फिरून आले. अहो, अजून विड्या वळतात लोक! तो वास साडीतून जात नाही अजून." सगळे हसले. श्रीनिवासही हसला.

त्या हसण्याला तीस वर्षांचा सराव होता. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलानं त्याची ट्रंक व्हरांड्यात नेऊन ठेवली होती. कपड्यांना तंबाखूचा वास येतो म्हणून. "तुझी आई काय करते रे?" असं कुणीतरी विचारलं आणि त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "शिवणकाम." एकदा सांगितलं ते सांगितलं. मग नोकरीत, लग्नात, साहेबांच्या घरच्या फराळाला, अम्मा शिवणकामच करत राहिली. ती वारल्यावरही करत राहिली.

गर्दीमापकाचा आकडा पडद्यावर आला. पूर्व मार्ग, गर्दीचा तास, तेरा हजार आठशे. मोनोवाल्यांनी खुर्च्यांत अंग सैल सोडलं.

तेवढ्यात बिराजदार उभे राहिले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले म्हातारे इंजिनिअर, सल्लागार समितीत मेट्रोच्या बाजूचे एकटे. "मला एक सांगा," ते म्हणाले. "सकाळी दहाला पूर्व भागात गेलं की रस्त्यावर पाटीवाल्या बायकाच बायका दिसतात. तुमच्या नकाशावर त्या रस्त्याला एवढे तुरळक ठिपके का?"

"फोन जेवढे तेवढे ठिपके," मॅडम म्हणाल्या. "आता एक फोन म्हणजे एक माणूस हे गृहीत तर सगळ्या जगात धरतात. पण येमुल, तुम्ही त्याच भागातले. तुम्हाला काय वाटतं, ते तिकडं लागू पडतं ना?"

चाळीस माणसांनी माना वळवल्या. श्रीनिवासच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. पूर्वेच्या सगळ्या वसाहतींतून त्या वेळेला निघणारे पाटीवाल्या टोळ्यांचे फोन दोनशे. म्हणजे बायका बावीसशे. दोन हजारांची भर पडली की पंधरा हजार आठशे. म्हणजे मेट्रो.

हे सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण दुसऱ्या वाक्याला कुणीतरी विचारणार, तुम्हाला हे कसं ठाऊक? आणि मग तिसरं वाक्य आलंच असतं. कारखानीस मॅडमच्या ओठांवर मघाचं हसू अजून थोडं शिल्लक होतं.

"हो," तो म्हणाला. "सर्वसाधारणपणे लागू पडतं."

झालं. शहराचं पुढचं शंभर वर्षांचं जाणं-येणं त्या एका 'सर्वसाधारणपणे'वर ठरलं. बिराजदार त्याच्याकडं क्षणभर बघत राहिले आणि खाली बसले.

त्यानं स्वतःची समजूत घातली. चारशे घरं तर वाचली ना? आणि अक्काला थांबा मिळाला की कुणाचं काय बिघडणार आहे?

दोन वर्षांत मोनो धावू लागली आणि शहर तिच्यावर खूश झालं. काळ्या तुळईवरून पांढरी गाडी सुळकन जायची. प्रवास सगळ्यांना मोफत, त्यामुळं तिकीट नाही, फाटक नाही. चढलं की फोन मोजला जातो, विषय संपला. गोदावरी वसाहतीला थांबा मिळाला. पहिल्या दिवशी अक्कानं गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि ड्रायव्हर शोधून त्याला नारळ द्यायचा हट्ट धरला. या गाडीला ड्रायव्हरच नसतो हे कळल्यावर नारळ श्रीनिवासच्या हातात आला.

मग थांबे चालू लागले.

हे काम रविवारी दुपारी व्हायचं, मटण खाऊन सगळं शहर आडवं झालेलं असताना. यंत्र यायचं, खांब उलटे पिळून काढायचं, भोकं बुजवायचं आणि निघून जायचं. लोक चहाला उठायचे तर समोरचा थांबा बेपत्ता. एका पानवाल्यानं थांब्यापाशी म्हणून दुकान टाकलं, तर थांबा दोन चौक पुढं गेला. त्यानं टपरीला चाकं लावली आणि तो थांब्याच्या मागं मागं फिरत अखेर कुंभारीपर्यंत पोचला. एका नवरदेवाची वरात थांब्यावर उतरायची ठरली होती. थांबा आदल्या दिवशी हलला आणि वरात दुसऱ्याच मांडवात जेवून उठली. लोक मुळं धरेनासे झाले. दुकान, शाळा, दवाखाना, कुठलीच गोष्ट कुणी पक्की बांधेना, कारण गाडी उद्या कुठं असेल ते सांगता येईना. गाडी गर्दीच्या मागं आणि गर्दी गाडीच्या मागं. सगळं शहर शिवणापाणी खेळत होतं.

त्यातच एका बिल्डरला युक्ती सुचली. त्यानं तीनशे जुने फोन गोणीत भरले आणि टेम्पोत घालून आपल्या रिकाम्या प्लॉटभोवती तीन महिने फेऱ्या मारल्या. चवथ्या महिन्यात थांबा प्लॉटच्या दारात हजर! मंडळाला हे कळलं तेव्हा मंडळानं गर्दीमापकाला एक चाळणी लावली. रस्त्यावरून बरेच फोन एकाच वेगानं, एकमेकांना चिकटून अर्धा किलोमीटर गेले, की ते गोणीतले समजायचे आणि एकच धरायचे.

गोदावरी वसाहतीच्या थांब्यावर रोज सहासष्ट बायका चढत होत्या आणि यंत्राला सहा दिसत होत्या. नव्वद दिवस भरले. एका सोमवारी सकाळी बायका पाट्या घेऊन आल्या, तर जमिनीवर नुसते सिमेंटचे चार गोल.

अक्का त्या संध्याकाळी श्रीनिवासच्या घरी आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "आम्ही काय चुकलो का रे? गाडीत घाण केली न्हाई, भांडलो न्हाई. पाट्या मांडीवर घेऊन बसत होतो. कशानं रागावली ती?"

"रागावली नाही, अक्का. माणसं कमी दिसली तिला."

"कमी? अगं बाई! बसायला जागा न्हवती आम्हाला!"

त्याला तेव्हाच सगळं सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी मॅडमकडं जाऊनही सांगता आलं असतं. त्याऐवजी त्यानं मधली वाट काढली. असल्या वाटा काढण्यात तो हुशार होता. त्यानं जुन्या बाजारातून साठ फोन आणले आणि गुपचूप अक्काला दिले. "प्रत्येकीनं एकेक कमरेला खोचा. काही करायचं नाही, नुसतं घेऊन चालायचं. वसाहतीतून गर्दी दिसली की थांबा परत येईल. चेकरचं मी बघतो, गेटावर मोठी पेटी बसवतो."

बायकांनी फोन खोचले आणि चालल्या. पण चालल्या नेहमीसारख्याच, अक्काच्या पाटीभोवती गच्च गोळा होऊन. नवे फोन असले तरी मालिका एकत्रच ऐकायची असते. एकटीनं ऐकून सुनेचा कैवार कुणाशी घ्यायचा? आणि चाळणीला दिसलं, की सहासष्ट फोन सहा गठ्ठ्यांत, एका वेगानं, चिकटून चालले आहेत. सहा गोण्या!

पंधराव्या दिवशी नोटीस आली. गोदावरी वसाहतीनं बनावट गर्दी केल्याचं दिसतं. जाहीर सुनावणी होईल. दोष सिद्ध झाल्यास वसाहतीला पुन्हा कधीच थांबा नाही आणि टोळीप्रमुखावर पोलिसात तक्रार. टोळीप्रमुख म्हणून नाव होतं ललिता नरसय्या येमुल. अक्का माहेरचंच नाव लावायची, पण पूर्व भागात येमुल गल्लोगल्ली, त्यामुळं मंडळात कुणाला नात्याची शंका आली नाही.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. सहासष्ट बायका मागच्या रांगांतून बसल्या होत्या, इस्त्रीच्या साड्या नेसून. पुढं टेबलाशी कारखानीस मॅडम, बाजूला श्रीनिवास, कोपऱ्यात बिराजदार.

"हे साठ फोन तुम्हाला कुणी दिले?" मॅडमनी अक्काला विचारलं.

"माझेच."

"साठ फोन तुमचे?"

"हौस आहे मला," अक्का म्हणाली. मागं खसखस पिकली. श्रीनिवासकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

"बाई, हे गमतीवारी नेऊ नका. पोलिसांत जाईल प्रकरण. नाव सांगा, तुम्हाला सोडून देऊ."

"लिहून घ्या की माझंच. माझं नाव चांगलं आहे."

तिचे हात मांडीवर होते. मांडीवर सूप नसतानाही बोटं विडी वळत होती. ते बघितलं आणि श्रीनिवास उठला. आधी ठरवून नाही, पाय आपले आपणच उभे राहिले.

"फोन मी दिले," तो म्हणाला. "आणि ती गर्दी बनावट नाही. ह्या बायका अशाच चालतात, अकरा जणी मिळून. फोन एकीचाच असतो. यंत्रानं त्या कधी मोजल्याच नाहीत. निर्णयाच्या बैठकीतही नव्हत्या मोजल्या. त्या मोजल्या असत्या तर आकडा पंधरा हजारांच्या वर गेला असता. मला तेव्हाच माहीत होतं."

"तुम्हाला कसं माहीत होतं?" मॅडमनी विचारलं. अडीच वर्षं चुकवलेला प्रश्न तो हाच.

"ही माझी सख्खी बहीण. माझी आई विड्या वळायची. मीही पाटी घेऊन ह्याच रस्त्यानं चाललोय."

त्याला वाटलं, छातीवरचं ओझं उतरलं. मान वर करून त्यानं अक्काकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. तेवढा एकच क्षण त्याच्या वाट्याला आला.

कारण कारखानीस मॅडम, अगदी निरागसपणे, गोंधळून म्हणाल्या, "पण येमुल, तुमच्या आई तर शिवणकाम करायच्या ना? दिवाळीत आमच्याकडं फराळाला आला होतात, तेव्हा किती छान सांगत होतात. मशीनचा आवाज ऐकत अभ्यास करायचो म्हणून."

अक्काचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तिनं कोंडाबाईकडं पाहिलं, मग परत त्याच्याकडं.

"कुठलं मशीन?" तिनं विचारलं. तेलुगूत नाही, मराठीत. परक्या माणसाला विचारावं तसं.



"अम्माला सुईत दोरा ओवता येत न्हवता," अक्का सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या परकराची नाडीसुद्धा शेजारीण घालून द्यायची." आणि ती उठून बाहेर गेली. तिच्यामागून बाकीच्या पासष्टही उठल्या. खुर्च्यांचा आवाज बराच वेळ चालला होता.

नोटीस मागं घेतली गेली. श्रीनिवासचं प्रमुखपद काढून त्याला मोजणीच्या खोलीत एका टेबलावर बसवण्यात आलं. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. गर्दीमापकही सुधारला. आता फोन मोजायचे नाहीत, थांब्यावर डोळा बसवून माणसंच मोजायची. खरा आकडा सतरा हजारांवर गेला. सकाळच्या गाडीत माणसं एकमेकांच्या पाटीत श्वास सोडू लागली, पण मेट्रोचं कुणी नाव काढेना. मोनोच्या तुळयांसाठी शहरात कातळाच्या सुताचे कारखाने निघाले होते आणि हजारोंचं पोट आता त्यांच्यावर होतं.

बिराजदार एकदा खोलीवर येऊन गेले. "बैठकीत मी तुमच्याकडं बघत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, हा माणूस आता बोलेल."

"मलाही वाटलं होतं," श्रीनिवास म्हणाला.

म्हाताऱ्यानं खांद्यावर हात ठेवला आणि ते जिना उतरले.

चार महिन्यांनी गोदावरी वसाहतीचा थांबा परत आला. श्रीनिवासनं त्या रात्री अक्काला फोन केला. त्याआधीचे अकरा तिनं उचलले नव्हते. हा उचलला.

"अक्का, उद्यापासून गाडी आहे."

"कळलं."

"बसशील ना?"

पलीकडं कात्रीचा आवाज येत होता, पान कापल्याचा. मग ती म्हणाली, "त्या गाडीत शिवणवालीची पोरं बसू देत. मी विडीवालीची."

"अक्का, चुकलं माझं."

"गाडीचं चुकलं ते चुकलं. माणसाचं चुकतं, यंत्राचं चुकतं. गाडीसाठी मी रागावले असते तर दोन दिवसांत विसरले असते बे." कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. "तीस वर्षं अम्मा वळत होती आणि तू तिला शिवायला बसवलंस. तिला विचारलं तरी होतंस का?"

फोन तिनं आपटला नाही. हळूच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला गोदावरी वसाहतीचा आकडा श्रीनिवासच्या पडद्यावर उमटला. नव्या डोळ्यानं एकेक डोकं मोजून पाठवलेला. मागून जाता जाता कारखानीस मॅडम थबकल्या.

"पासष्ट! बघा, किती अचूक झालंय यंत्र."

"हो मॅडम," तो म्हणाला.

त्यानं घड्याळ पाहिलं. चालत निघाली असेल तर आत्ता ती पहिल्या चौकाशी आली असेल. तिथून कारखाना अजून पाच किलोमीटर होता.